बिबट्या घेताना घ्यावयाची काळजी

आफ्रिकेत जाऊन एक बिबट्या मारावा, ही इच्छा माणसाला साधारण पन्नाशीनंतर होते. घर झालेलं असतं, दुसरं घर झालेलं असतं, एक गुडघा बदलून झालेला असतो आणि भिंतीवर अजून जागा असते. अशा माणसाला धैर्याबद्दल कोणी काही विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की कुठे जाणार आणि कोणाबरोबर? हेच बरोबर आहे. या शिकारीत बाकी सगळं दुसरे लोक करतात. गिऱ्हाइकाच्या वाट्याला दोन कामं येतात, निवड करणं आणि चाप ओढणं. त्यातलं दुसरं चुकलं तर निस्तरायला पगारी माणूस असतो. तेव्हा पहिलं तरी नीट करावं, म्हणून हा सल्ला.

देश निवडताना तिथे बिबटे किती आहेत ते पाहू नये, नियम किती आहेत ते पाहावं. केनियाचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका. तिथे 1977 पासून शिकार बंद आहे. आजही कोणी तुम्हाला केनियातला बिबट्या विकत असेल, तर त्याला तुमच्या वयाचा अंदाज फारच चुकीचा आलेला आहे. टांझानियात बिबट्या हवा असेल तर 21 दिवसांची सफर घ्यावी लागते. तीही दिवसाउजेडी, दिवा न लावता, फक्त नर, आणि त्याची लांबी नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत किमान 1.3 मीटर. बिबट्या फांदीवर असताना टेप लावता येत नाही. त्यामुळे आधी अंदाज घ्यायचा, मग गोळी घालायची आणि मग अंदाज बरोबर होता का ते मोजायचं. एकवीस दिवस रजा न मिळणाऱ्यांनी झिम्बाब्वेचा विचार करावा. तिथे खासगी जमिनीवर रात्री दिवा लावून मारता येतो, कुत्रे सोडूनही मारता येतो. नामिबियाने मात्र 2010 साली कुत्र्यांवर बंदी आणली. झांबियाने 2013 साली बिबट्याची शिकार थांबवली आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा सुरू केली. बोट्सवानाने 2014 मध्ये शिकार थांबवली आणि 2019 मध्ये उघडली. या देशांत बिबट्याने नेमकं कोणत्या वर्षी जन्म घ्यावा हे त्याच्या आईला सांगणारं कोणी नाही.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. 2016 साली तिथल्या सरकारने बिबट्याचा कोटा शून्यावर आणला, कारण देशात बिबटे किती आहेत हेच कोणाला धड सांगता येईना. जनावर रात्री फिरतं, एकटं राहतं, दिसलं तर नाहीसं होतं. जनगणनेला अत्यंत असहकार करणारं. 2022 मध्ये 10 बिबट्यांचा कोटा जाहीर झाला, फक्त नर आणि वयाने 7 वर्षं किंवा त्याहून मोठे. तर प्राण्यांची बाजू घेणारी संस्था कोर्टात गेली आणि कोर्टाने त्याला स्थगिती दिली.

कोटा म्हणजे काय, तेही समजून घ्या. ‘साइट्स’ हा वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार. बिबट्या त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा व्यापार करायचा नाही. आणि त्याच कराराच्या एका ठरावात कोणत्या देशातून वर्षाला किती बिबटे कातड्याच्या रूपाने बाहेर जाऊ शकतात याचा तक्ता आहे. टांझानिया 500, झिम्बाब्वे 500, झांबिया 300, नामिबिया 250. गिऱ्हाईक कातडं स्वतःसाठी नेतं, विकायला नाही, म्हणून हा व्यापार नव्हे. हजारो डॉलर मोजून झालेल्या या अव्यापारात युगांडाने 2007 साली 50 बिबटे मागितले होते. मिळाले 28. तुळशीबागेत याहून वेगळं काही चालत नाही.

आता माणूस. देशापेक्षा तो महत्त्वाचा. अमेरिकेत दर हिवाळ्यात शिकारी क्लबांची मोठी संमेलनं भरतात. तिथे एकेका गाळ्यात एकेक व्यावसायिक शिकारी, म्हणजे पीएच, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याने उभा असतो. मागे फोटो. फोटोतला बिबट्या नेहमी अवाढव्य दिसतो, कारण माणूस त्याच्या मागे हातभर सरकून बसलेला असतो. पत्रकावर यशाचं प्रमाण छापलेलं असतं. तिथे थांबून विचारावं, यश म्हणजे बिबट्या मेला, की बिबट्या आला आणि गिऱ्हाइकाने झाडाला गोळी घातली? दुसऱ्या प्रकाराला धंद्यात ‘संधी’ म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी ती यशातच धरतात. सगळे सांगतात, जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागा. विक्रेता ते आनंदाने देतो, खूश झालेल्यांचे. त्यापेक्षा रिकाम्या हाताने परतलेल्या दोघांचे नंबर मागावेत. ते दोघं अजून त्याचं नाव बरं घेत असतील, तर त्याच्याकडे डोळे मिटून जावं. एवढा सल्ला मी गंभीरपणे देतो आहे.

झिम्बाब्वेच्या पीएचला उगाच मान नाही. वर्षानुवर्षं उमेदवारी, लेखी परीक्षा, आणि शेवटी परीक्षकांसमोर रानात धोकादायक जनावर मारून दाखवणं, एवढं झाल्यावर परवाना मिळतो. गिऱ्हाइकाचीही परीक्षा असते. तळावर पोहोचल्यावर कागदाच्या निशाणावर दोन-तीन गोळ्या झाडायच्या. कागद बहुधा मरतो.

खरं काम तुम्ही विमानात असतानाच सुरू झालेलं असतं. पीएचची माणसं इम्पाला मारतात, झेब्र्याची तंगडी तोडतात, आणि संध्याकाळच्या उजेडात फांदी आकाशावर उठून दिसेल असं झाड शोधून तिथे ते मांस साखळीने बांधतात. आतडी गाडीमागे फरफटत नेऊन वासाची वाट आखतात. समोर कॅमेरा लावतात. असे आठ-दहा ठिकाणी गारे, म्हणजे आमिषाचे तुकडे, टांगले, की रोज सकाळी फेरी मारून कोण जेवून गेलं ते पाहायचं. मादी असेल तर सोडायची, पिल्लू असेल तर सोडायचं, चांगला नर असेल तर त्याला रोज वाढायचं. तो ठरल्या वेळी येऊ लागला की सत्तरेक पावलांवर गवताचं लपण उभं करतात. त्यात खुर्ची, आणि टेकू देऊन आधीच रोखलेली बंदूक. गिऱ्हाइकाने दुपारी जाऊन खुर्चीत बसायचं. खोकायचं नाही, डासांचं मलम लावायचं नाही, आणि घोरायचं नाही. ही शेवटची सूचना पुष्कळांना द्यावी लागते. जिथे रात्रीची परवानगी आहे तिथे दिव्याचं बटण असं असतं, की उजेड हळूहळू, चंद्र उगवावा तसा वाढतो. मग पीएच तुमच्या खांद्याला बोट लावतो. म्हणजे आता पराक्रम करायचा.

जुन्नरच्या वाचकांना हा खटाटोप चमत्कारिक वाटेल. तिथे बिबट्या उसातून स्वतः येतो, शेळीही आपलीच असते आणि त्याला पाहायचे पैसे पडत नाहीत. जे पडतं त्याचा दर कोणत्याही पत्रकात छापता येणार नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्यावर चाप ओढायची सोय नाही. तेव्हा तो विषय इथेच सोडू.

वयाचा मुद्दा नाजूक आहे. आपला मुलूख राखून असलेला नर मेला, की बाहेरचा नर येतो आणि आधीच्याची पिल्लं मारतो. एका गोळीत दोन-तीन जीव जास्तीचे जातात. म्हणून जाणती मंडळी सात वर्षांपुढचा नर मारा म्हणतात. वय ओळखायचं ते गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवरून, रुंद डोक्यावरून, फाटक्या कानांवरून. आणि तो नर आहे हे ओळखायचं शेपटीखाली पाहून. तेव्हा स्वप्न पाहताना चित्र नीट पाहा. बारा हजार किलोमीटर प्रवास करून आलेला, दोन घरांचा मालक, तिन्हीसांजेला श्वास रोखून दुर्बिणीतून एका जेवणाऱ्या प्राण्याचा पार्श्वभाग न्याहाळतो आहे.

नेम चुकला तर? करारात बारीक अक्षरात असतं, रक्ताचा थेंब पडला की जनावर मेलं असं समजून पूर्ण पैसे. जखमी बिबट्या झुडपात शिरला, की गिऱ्हाइकाला गाडीत बसवतात. छऱ्याची बंदूक घेऊन आत जातो तो पीएच, आणि त्याच्यापुढे मान खाली घालून माग काढत जाणारा गावातला माणूस. जखमी बिबट्या गुरगुरून इशारा देत बसत नाही, सरळ अंगावर येतो. या सबंध सफरीत शौर्य म्हणावं असं जे काही आहे ते त्या वीस मिनिटांत असतं, आणि नेमकं तेव्हा गिऱ्हाईक काच वर करून बसलेलं असतं.

शौर्य स्वतःच करायचा हट्ट असेल तर कार्ल एकली यांचा दाखला आहे. 1896 साली सोमालीलँडमध्ये या गृहस्थांनी अंधूक उजेडात गोळी झाडली आणि बिबट्या अंगावर आला. त्यांनी एक मूठ त्याच्या घशात कोंबली आणि छातीवर गुडघे रोवून त्याला जिवानिशी मारला. पुढे त्यांनी पेंढा भरण्याच्या कलेत क्रांती केली आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्यांच्या नावाचं दालन उभं राहिलं. हा पर्याय अजून कोणत्याही पॅकेजमध्ये आलेला नाही.

पीएचचा आणखी एक उपयोग आहे, तो पत्रकात लिहीत नाहीत. 2015 साली झिम्बाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर मिनेसोटाच्या एका दंतवैद्याने सेसिल नावाचा सिंह मारला. सिंहाच्या गळ्यात संशोधकांचा पट्टा होता. जगभर आरडाओरडा झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सगळं कायदेशीर असेल असं मी माझ्या वाटाड्यांवर विसंबून मानलं होतं. वाटाड्याला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. पुढे आरोप रद्द झाले. तेव्हा असा माणूस निवडा, ज्याच्यावर विसंबलो होतो असं म्हटल्यावर ऐकणाऱ्याला पटेल.

आता एक बाजू हसण्यावारी नेता येत नाही. शिकारीसाठी राखलेल्या क्षेत्रांमुळे आफ्रिकेत प्रचंड जमीन रान म्हणून टिकली आहे. नाहीतर तिथे गुरं आली असती, कोळशासाठी झाडं गेली असती. झिम्बाब्वेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘कॅम्पफायर’ योजना आणली, ती शिकारीच्या पैशातला वाटा गावांकडे जावा म्हणूनच. ज्याची शेळी बिबट्याने नेली त्याच्या हातात विषाची पुडी असते. त्या बिबट्याला काही किंमत असेल तर पुडी खिशात राहते, हे अगदी खरं आहे. पैसे गावापर्यंत जातात की वाटेत मुरतात, यावर तिथे भांडणं आहेत आणि ती व्हायलाच हवीत. गंमत एवढीच की हा सगळा युक्तिवाद डोळ्यांत पाणी आणून मांडणारा गृहस्थ पुढच्याच वाक्यात कवटीचं माप सांगतो.

कारण शेवटी माप घ्यायचं असतं. कवटी उकळून, वाळवून, लांबी आणि रुंदी इंचात मोजायची आणि बेरीज क्लबाच्या वहीत नोंदवायची. लंडनच्या रोलंड वॉर्डची वही 1892 पासून चालू आहे. वॉर्ड स्वतः पेंढा भरणारे. त्या वहीची एक सोय इच्छुकांनी ध्यानात ठेवावी. तिथे सापडलेल्या कवट्याही घेतात. म्हातारपणाने मेलेला बिबट्याही त्यात मानाने बसतो, त्याला कोणी मारलेला असलाच पाहिजे अशी अट नाही. ही माहिती विक्रेते आपणहून देत नाहीत.

राहता राहिला पेंढा. फांदीवर बसलेला हवा की झेप घेणारा, जबडा मिटलेला की उघडा, हे आधी ठरवून सांगा. बहुतेक जण उघडा जबडा आणि पुढे आलेले सुळे मागतात. कारागीर काही बोलत नाही. ही माणसं मारतात तेव्हा बिबटे जेवत असतात, हे त्याला ठाऊक असतं. पाहुण्यांना ते सांगायची गरज नाही.