नाकापेक्षा कुत्रा जड

नाशिकच्या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगतात. पंचवटीकडचे लोक म्हणतात, लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका इथे कापली म्हणून नासिक. जुन्या गावठाणातले लोक म्हणतात, गाव नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक. एका पक्षाकडे नाक आहे, दुसऱ्याकडे नऊ. दोघांचं भांडण मिटवणारी तिसरी व्युत्पत्ती मी गेल्या तीन वर्षांत स्वखर्चाने सिद्ध केली आहे. माझ्या घरी दोन फ्रेंच बुलडॉग आहेत, आणि माझ्या नाकी नऊ आले आहेत.

ही जात ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी वर्णन करतो. कान वटवाघळाचे. छाती तालमीतल्या पहिलवानाची. शेपूट असून नसल्यासारखी. कपाळावर इतक्या आठ्या, की पतसंस्था बुडाल्याची बातमी आत्ताच कानावर आलेला ठेवीदार वाटावा. आणि या सगळ्याच्या मधोमध, जिथे इतर कुत्र्यांना नाक असतं, तिथे दोन बारीक फटी. त्या फटींतून श्वास आत शिरताना जो आवाज येतो, त्याला आम्ही मालक लोक ‘क्यूट’ म्हणतो.

नावं ठेवताना मी शहराचा विचार केला. द्राक्षाच्या नाशिकचं वाइनचं नाशिक होऊन पाव शतक झालं. कुत्रे फ्रेंच, वाइनची द्राक्षंही फ्रेंच, म्हणून नराचं नाव मर्लो आणि मादीचं शेनिन. आईने पहिल्याच दिवशी दोन्ही नावांचं मराठीकरण केलं. मर्लोचा ‘मेल्या’ झाला आणि शेनिनची ‘शेणी’. तरी महिनाभर मी हट्टाने गॅलरीतून ‘मर्लो! मर्लो!’ अशा हाका मारत राहिलो. शेजारच्या मालवणच्या काकू दोनदा ‘कोण मरलो?’ म्हणत पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या, तेव्हा तो नाद सोडला. आता तो फक्त ‘मेल्या’ म्हटलं की उठतो. शेणी कुठल्याच हाकेला उठत नाही.

यांचं फ्रेंचपणही तसं उसनंच. मूळ कुत्रं इंग्लंडचं. नॉटिंगहॅमकडचे लेस विणणारे कारागीर हे ठेंगणे बुलडॉग पाळायचे. एकोणिसाव्या शतकात यंत्रं आली, हातांना काम उरलं नाही, आणि ती मंडळी बिऱ्हाडासकट, कुत्र्यांसकट समुद्र ओलांडून उत्तर फ्रान्सात गेली. आपल्या येवल्याचा विणकर माग सोडून परदेशी निघाला तर सोबत एखादी पैठणी नेईल. यांनी कुत्री नेली. पुढे पॅरिसच्या रंगेल वस्त्यांत या कुत्र्यांना भाव आला. तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने एका हॉटेलवालीच्या ‘बूबूल’ नावाच्या बुलडॉगचं चित्र काढून ठेवलं आहे. मग धनाढ्य अमेरिकनांची नजर पडली. त्यांनी १८९७ मध्ये क्लब स्थापन केला आणि कान वटवाघळासारखे उभेच हवेत असा आग्रह धरला. म्हणजे मूळ इंग्लंडचं, नाव फ्रान्सचं, कान अमेरिकेचे आणि विजेचं बिल नाशिकचं.

२०२२ मध्ये या जातीने अमेरिकेतल्या नोंदणीत लॅब्रॅडॉरला ३१ वर्षांच्या गादीवरून खाली खेचलं. आमच्या घरी मात्र यांना स्वतःच्या गादीवरून खाली उतरवायला माणूस लागतो. उडी मारली तर पाठीचा मणका सरकण्याची भीती असते.

मला हा नाद कॉलेज रोडवरच्या एका मित्राने लावला. “एकदा पाळून बघ, आयुष्य बदलतं,” असं तो म्हणाला. म्हणताना त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पण ती मला भक्तीची वाटली. मीही व्यापारी डोकं चालवलं. एक नर, एक मादी घ्यायची. पुढे पिल्लं होतील, पैसे वसूल. एका स्कूटरच्या किमतीला एक, अशा दोन स्कूटरी मी घरी आणल्या. त्या चालत नाहीत हे नंतर कळलं.

पिल्लांचा हिशेब डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकालात काढला. यांची कंबर अरुंद, पिल्लांची डोकी मोठी. जमवायचं तर डॉक्टर मध्ये हवा आणि बाळंतपण बहुधा सिझेरियन. ब्रिटनमधल्या २०१० च्या एका पाहणीत या जातीची ऐंशी टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझेरियनची निघाली होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणे. पण ती निदान मांडवापर्यंतची असतात. इथे मुहूर्ताला डॉक्टर, मांडवात डॉक्टर आणि डोहाळजेवणानंतर पुन्हा डॉक्टर. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गॅलरीतून खाली बोट दाखवलं. “आपली भुरी बघ. गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली सहा पिल्लं टाकली. सेक्रेटरीलासुद्धा पत्ता लागला नाही.”

भुरी म्हणजे सोसायटीच्या गेटवरची गावठी कुत्री. तिची वंशावळ कोणी लिहून ठेवलेली नाही. तिला लांब, ओलं, काळंभोर नाक आहे, आणि ती ते फुकट वापरते.

नाकाचं हे महत्त्व मला विकत घेऊन कळलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो. जिभेवरून आणि नाकातल्या ओल्या वळणांवरून हवा खेळते आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. यांची ती वळणं माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून निवडून चपट्या कवटीत कोंबली. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण पैदास करणाऱ्यांनी शब्दशः घेतली. दीडशे वर्षं ते नाक दाबत राहिले. आधी कुत्र्याचं तोंड उघडलं, मग मालकाचं पाकीट.

त्यामुळे आमच्या घराचं पंचांग आता यांच्या श्वासावर चालतं. मार्च ते जून फेरी पहाटे साडेपाचला, कृषीनगरच्या रस्त्याने, तीही जेमतेम वीस मिनिटांची. त्यातली शेवटची दहा मी एकटाच चालतो, कारण दोघं बाबागाडीत असतात. हो, बाबागाडी आहे. परवा फिरायला आलेल्या एका आजींनी कौतुकाने आत डोकावून पाहिलं, क्षणभर गप्प झाल्या आणि मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “आजोबांवर गेलाय वाटतं.”

दुपारी पारा चाळिशीला टेकला की मेल्या आणि शेणी बेडरूममध्ये, एसीत. आई हॉलमध्ये, पंख्याखाली, हातात वर्तमानपत्राची घडी. पाहुणे आले की त्यांना हॉलमध्येच घाम पुसत बसावं लागतं आणि आतून बंद दाराआडून घोरण्याचा आवाज येतो. वडील झोपलेत का, असं विचारतात. वडील जाऊन आठ वर्षं झाली. मग शेणीला बाहेर आणून दाखवावं लागतं. ती पाहुण्यांच्या पायाशी बसते आणि थोड्याच वेळात खोलीत असा काही वास पसरतो, की सगळे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. रविवारच्या मिसळीवर संशय घेऊन पाहुणे लवकर उठतात. हा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे.

प्रवास बंद आहे. विमान कंपन्यांना चपट्या नाकाचे कुत्रे सामानाच्या कप्प्यात नको असतात. सिंहस्थ आल्यावर दोघांना रामकुंडात एक डुबकी द्यावी, म्हणजे मागच्या जन्माचं काय असेल ते फिटेल, असं आईच्या मनात होतं. डॉक्टर म्हणाले, यांचं डोकं जड, पाय आखूड. डुबकी होईल, वर येणं होणार नाही. आई म्हणाली, “मग मोक्षच की.”

आईचा अध्यात्माचा अभ्यास दांडगा आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, हे उदाहरण मी माझ्या बाजूने एकदा देऊन पाहिलं. ती म्हणाली, “त्या कुत्र्याला पळता येत होतं.” दत्तगुरूंच्या पायाशीही चार कुत्री असतात, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, “असतात. पण एकही घोरत नाही.”

घोरण्यावरून आठवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महात्मानगर भागात दिवसाढवळ्या बिबट्या शिरला, माणसं जखमी झाली, वनविभागाने त्याला बेशुद्ध करून नेलं. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बोक्याचाही फोटो बिबट्या म्हणून येतो. बिबट्याला कुत्रं आवडतं हे आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासातही बिबट्याच्या आहारात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. आणि बिबट्याचा आवाज वाघासारखा घुमत नाही. करवतीने लाकूड कापावं तसा तो खर्र-खर्र येतो.

एका रात्री अडीच वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नेमका तोच आवाज ऐकला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘आलाय.’ पाच मिनिटांत अख्खी इमारत जागी. कोणी थाळ्या बडवल्या, कोणी दिवाळीतला उरलेला सुतळी बॉम्ब गच्चीवरून टाकला. वॉचमनने बिबट्या आत येऊ नये म्हणून स्वतःला केबिनमध्ये कोंडून घेतलं. आवाजाचा माग काढत वीस-पंचवीस टॉर्च फिरत फिरत शेवटी आमच्या गॅलरीवर येऊन थांबले. तिथे मेल्या चारी पाय वर करून उताणा पडला होता. सुतळी बॉम्बनेही त्याची झोप मोडली नव्हती.

त्या रात्री सगळ्या आवारात शांत होती ती एकटी भुरी. गेटपाशी उभी राहून तिने हवेत दोनदा हुंगलं, या सुशिक्षित मंडळींकडे एकवार पाहिलं आणि पुन्हा अंगाचं मुटकुळं करून झोपून गेली. बिबट्या नाही, हे आवारात फक्त तिला माहीत होतं. तिला नाक होतं.

पुढच्या सभेत काकांनी माझ्याविरुद्ध ठराव मांडला. ‘रात्री दहानंतर घोरण्यास मनाई’ असा मसुदा होता. तो मंजूर झाला असता. पण मग ठराव कोणाकोणाच्या यजमानांना लागू होईल यावर बायकांत चर्चा सुरू झाली आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. गेल्या मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. तासाभरात मेल्याची धाप वाढली, मग तोंडातून फेस, मग जीभ जांभळट दिसायला लागली. मी मोबाइलवर ‘काय करावं’ हे शोधत असताना आईने स्वतःचं सुती नेसूचं माठातल्या पाण्यात बुडवून त्याच्या अंगावर टाकलं आणि सुपाने वारा घालायला बसली. “मेल्या, श्वास घे. घे रे मेल्या,” एवढंच तिचं चाललं होतं. त्या दिवशी ती शिवी नव्हती. आम्ही गाडीचा एसी लावून त्याला दवाखान्यात नेलं. वाचला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नाकपुड्या रुंद कराव्या लागतील, घशाशी लोंबणारा टाळूही छाटावा लागेल. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, “घाबरू नका. नाक थोडंसं कापायचं, इतकंच.”

मी नाशिकचा माणूस. हे वाक्य ऐकून मला तपोवन आठवलं. शूर्पणखेला कोणीतरी आवडलं, म्हणून तिचं नाक गेलं. हे आम्हाला आवडले, म्हणून यांचं गेलं. नेदरलँड्समध्ये ठरावीक मापापेक्षा आखूड तोंडाच्या कुत्र्यांची पैदास करू देत नाहीत. आपल्याकडे २०२४ मध्ये केंद्राने तेवीस हिंस्र जातींवर बंदीचं पत्रक काढलं, पुढे ते कोर्टात अडकलं. त्या यादीत फ्रेंच बुलडॉग नव्हता. बरोबरच आहे. या प्रकरणात हिंसा कुत्र्याने केलेली नाही.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या स्कूटरचे पैसे त्यात गेले. रात्री मेल्याच्या टाक्यांकडे बघत आईने मला एक जुनी गोष्ट सांगितली. एका माणसाचं कशावरून तरी नाक कापलं गेलं. लोक हसतील म्हणून तो गावभर नाचत सुटला, “मला देव दिसला! नाक आड येत होतं!” एका भाबड्याने लगेच आपलंही कापून घेतलं. देव काही दिसला नाही. तेव्हा पहिला त्याच्या कानात म्हणाला, “आता तुझं गेलं ते गेलंच. दिसला म्हण, नाहीतर गाव हसेल.” दुसराही नाचू लागला. बघता बघता अर्धा गाव नकटा झाला. गोष्ट संपवून आई झोपायला गेली. तात्पर्य सांगायची तिची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका. मला वाटलं नोटीस घेऊन आले. पण ते चप्पल काढून आत आले, मेल्यापाशी उकिडवे बसले, त्याच्या कानाला हात लावून पाहिला. मग जरा संकोचून म्हणाले, “नातवाने हट्ट धरलाय. अगदी असाच हवा म्हणतो. तुम्ही कुठून आणलात? आणि खरं सांगा हं, कसं आहे पाळायला?”

मी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. खाली गेटपाशी भुरी भुंकली. मी विजेची बिलं आठवली, बाबागाडी आठवली, ती जांभळी जीभ आठवली. मग कॉलेज रोडवरच्या मित्राचा नंबर काढून काकांच्या हातात दिला.

“एकदा पाळून बघा, काका,” मी म्हणालो. “देव दिसतो.”