काकांची साधी कैद

राजेंद्र नगरात परवा आमच्या शेजारच्या काकांनी शिक्षेची पन्नाशी साजरी केली. शिक्षा हा शब्द माझा नव्हे. स्टेजमागच्या फ्लेक्सवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'जन्मठेपेची 50 वर्षे, सख्तमजुरीसह!' त्यातला 'ख' फ्लेक्सवाल्याचा. त्याला बोल लावत नाही, इंदुरात मराठी मजकूर हिंदी बोटांतूनच बाहेर येतो. काकांच्या मनगटांत प्लास्टिकची बेडी. शेजारी पैठणी नेसलेल्या काकू, हातात पोह्यांच्या बशा.

हशा, टाळ्या, सेल्फी.

लग्न झालं की माणूस चतुर्भुज होतो आणि लाच घेताना सापडला तरी बातमीत चतुर्भुजच होतो. तेव्हा या विनोदाचा माल भाषेनंच पुरवलाय, हे कबूल. पण पुरवलाय म्हणून पन्नास वर्षं तोच खपवायचा?

एक पाहुणे ओरडले, "भिया, चौदा वर्षांत सोडतात, तुम्हीच कसे अडकलात?" पुन्हा हशा. हे चौदा वर्षांचं भूत काही उतरत नाही. जन्मठेप म्हणजे उरलेला सगळा जन्म. चौदाचा आकडा आहे तो काही गंभीर गुन्ह्यांत त्याआधी सूट देऊन सोडू नये म्हणून, आणि वीसचा आहे तो शिक्षेचा अमुक हिस्सा काढताना हिशेब जमावा म्हणून. दिवस आणि रात्र वेगळे मोजतात ही तर निव्वळ थाप. असो. जन्मठेपेचं मी सोडून दिलं. माझं घोडं अडलं ते मजुरीपाशी.

1860च्या दंडसंहितेत कैद दोन तऱ्हेची, सक्तमजुरीची आणि साधी. जुलै 2024पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही दोन्ही तशाच आहेत. सक्तमजुरीत काम करावंच लागतं, साध्या कैदेत कामाची सक्ती नसते. आता काकांचा दिनक्रम बघा. सहाला चहा जागेवर येतो. पेपर जागेवर येतो. पेपर वाचून झाला की चष्मा जिथे पडेल तिथे पडतो आणि संध्याकाळी आपोआप घरात सापडतो. नऊला पोहे. त्यावर शेव कमी पडली तर काका वाटी नुसती उचलून धरतात, बोलत नाहीत. जिरावन हवं असेल तर वाटी जरा तिरकी धरतात. या खुणांची लिपी काकूंना पहिल्या दोन वर्षांतच वाचता येऊ लागली. मग आंघोळ, तिथे टॉवेल आधीच पोचलेला. जेवण, वामकुक्षी, चार वाजताचा चहा, फेरफटका, कोपऱ्यावरच्या बाकावर देशाच्या भवितव्याची चर्चा, रात्री दूध. पन्नास वर्षांत या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने माठातलं पाणी घेतल्याचा एकही साक्षीदार गल्लीत नाही. एकदा घेतलं म्हणतात, पण माठ फुटला, तेव्हा ते धरायचं नाही. काका, ही साधी कैद हो! आणि तीही वरच्या वर्गातली. मग फ्लेक्सवर सक्तमजुरी कुणाची छापलीत?

ती ज्यांची होती त्या बशा वाटत फिरत होत्या. स्वतःच्याच समारंभात. "अजून थोडे घ्या ना, लिंबू देऊ का?" पन्नास वर्षांच्या उष्ट्या भांड्यांचा हिशेब नाही, आणि नवरा लोकांसमोर हातात बेडी घालून सांगतो की राबलो मी! चोरीचे इतके प्रकार दंडसंहितेत आहेत, पण दुसऱ्याची शिक्षा चोरण्याला कलम नाही.

कैद्याला त्याच्या कामाचं रास्त वेतन मिळालं पाहिजे, हे 1998 सालीच ठरून चुकलंय. त्याला रजाही असते. तुरुंगाच्या मराठीत फर्लोला संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा, म्हणजे परत येण्याचं वचन देऊन जायचं. काकू माहेरी पुण्याला जायच्या तेव्हा फ्रीजमध्ये तीन दिवसांच्या भाज्या डब्यांत भरून, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून जायच्या. चौथ्या दिवशी काकांचा फोन, "मिक्सरचं झाकण कुठंय?" पाचव्या दिवशी काकू हजर. वेतनाचं मी विचारणार होतो, पण मंगल प्रसंग होता.

हे सगळं मी पोहे खात खातच मनात म्हणत होतो, हे खरं. दुसऱ्यांदा लिंबूही मागून घेतलं. माझ्याही घरी माठ आहे.

शेवटी केक आला आणि काकांची बेडी अडकली. चिमुकली किल्ली होती, ती कुठे ठेवली ते त्यांना आठवेना. नातवाने दात लावून पाहिले, पाहुण्यांनी सल्ले दिले. "अगं, हे सुटत नाहीये!" काकूंनी बशा खाली ठेवल्या, हात नॅपकिनला पुसले आणि कमरेच्या जुडग्यातून ती किल्ली काढली. काकांनी दोन्ही हात पुढे केले, सकाळी चहासाठी करतात तसेच.

काकूंनी बेडी सोडवली, ती पिशवीत टाकली आणि विचारलं, "तुम्ही खाल्लेत का?"