कुंपणावर जगणारं गाव

अमेरिकेत मिसुरी राज्यात, मिसिसिपीच्या काठी हॅनिबल नावाचं गाव आहे. वस्ती सुमारे १७ हजार. त्यातले सर्वांत प्रतिष्ठित रहिवासी मात्र कधी जन्मालाच आलेले नाहीत.

सेंट लुईसहून गाडीने दोनेक तासांत आम्ही पोचलो. भाची म्हणाली, "मामा, हे टॉम सॉयरचं घर." रस्त्यापलीकडे बेकी थॅचरचं. मागच्या गल्लीत हकलबेरी फिनचं. टॉमच्या घराला लागून पांढऱ्या फळ्यांचं कुंपण आणि तिथे रीतसर पाटी: टॉमने दोस्तांकडूनच मोबदला घेऊन जे कुंपण त्यांच्याकडून रंगवून घेतलं, ते इथे होतं. 'कादंबरीत' हा शब्द पाटीवर नाही. पाटी इतकी ठाम आहे, की मीसुद्धा क्षणभर चपला काढाव्यात का, या विचारात पडलो.

"आजोबा, टॉम खोटा आहे, पण कुंपण खरं आहे," भाचीच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी मला धीर दिला.

"कुंपणही नंतरचंच आहे रे," भाची म्हणाली. चिरंजीवांना त्याचं काही वाटलं नाही. ते फोटोसाठी हातात ब्रश धरून उभे राहिले. घरी स्वतःचं ताट न उचलणारा हा मुलगा इथे परक्याच्या फळ्या रंगवायला उत्सुक होता. टॉमची युक्ती १८७६ साली छापून आली. ती अजून चालते, आणि आता तिला तिकीट आहे.

या सगळ्याला जबाबदार असलेला मुलगा सॅम्युएल क्लेमेन्स. त्याचा जन्मही हॅनिबलचा नाही. तो १८३५ साली जवळच्याच फ्लोरिडा नावाच्या खेड्यात झाला. चार वर्षांचा असताना कुटुंब इथे आलं. १८५३ मध्ये, अठरावं वर्ष पुरं व्हायच्या आत, तो गाव सोडून गेला. पुढे त्याने मार्क ट्वेन हे नाव घेतलं आणि कादंबरीत गावाचं नावही बदलून सेंट पीटर्सबर्ग केलं. आपली ओळख लपवण्याचा हा प्रयत्न गावाने अजिबात मनावर घेतला नाही. १९११ मध्ये मेहन नावाच्या एका वकिलांनी त्याचं लहानपणचं घर विकत घेऊन गावाला दिलं, आणि पुढच्याच वर्षी तिथे संग्रहालय उघडलं. तेव्हापासून मार्क ट्वेनच्या नावाची गुहा, मार्क ट्वेनच्या नावाची बोट, थोड्या अंतरावर धरणाच्या पाण्याचा मार्क ट्वेन तलाव. दिवसभर गावात हिंडल्यावर ट्वेनचं नाव नसलेली एखादी गोष्ट दिसली, की तिथे काही घोटाळा झालाय असं वाटू लागतं.

बेकीच्या घरात खरी राहत होती लॉरा हॉकिन्स, सॅमची बालमैत्रीण. हकची गोष्ट याहून गमतीची. कादंबरीतला हक रिकाम्या पिंपात झोपतो, आणि त्याला घरात कोंडलं की पळून जातो. तो ज्याच्यावरून बेतला त्या टॉम ब्लँकनशिपचं पडकं घर १९११ मध्ये पाडून टाकलं होतं. मग या शतकात गावाला चुटपुट लागली आणि घर पुन्हा उभं राहिलं. साऱ्या अमेरिकन साहित्यात ज्या मुलाला घर नको होतं, त्याला गावाने ते दोनदा दिलं.

टॉम आणि हकचा ब्राँझचा पुतळा १९२६ पासून कार्डिफ हिलच्या पायथ्याशी उभा आहे. टेकडीच्या माथ्यावर दीपस्तंभ. समुद्र इथून हजारभर किलोमीटर तरी लांब. आणि या दिव्याच्या भरवशावर नदीतूनही कुठली बोट कधी गेली नाही, कारण तो ट्वेनच्या जन्मशताब्दीनिमित्त १९३५ मध्ये केवळ शोभेसाठी बांधला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून कळ दाबली आणि तो पेटला. वर जायला २४४ पायऱ्या आहेत. त्या चढलेल्या माणसाने दीपस्तंभाच्या उपयुक्ततेबद्दल बोलू नये, एवढा दम त्याच्यात उरतही नाही.

चार जुलैच्या सुमारास 'टॉम सॉयर डेज' भरतात. कुंपण रंगवण्याची स्पर्धा होते. वेगाला गुण, रंगकामाला गुण आणि कपडे किती टॉमसारखे मळके आहेत यालाही गुण. शिवाय दरवर्षी सातवीतल्या मुलामुलींमधून टॉम आणि बेकी निवडले जातात, आणि ते पाहुण्यांचं स्वागत करतात. आम्हाला भेटलेला टॉम अनवाणी होता, पण प्रत्येक वाक्याला 'सर' म्हणत होता. खरा टॉम असता तर त्याने एव्हाना माझं घड्याळ आणि भाचीची छत्री लाटली असती. हा पोरगा टॉमच्या सज्जन सावत्र भावाच्या, सिडच्या भूमिकेत जास्त शोभला असता.

नदीकाठच्या या गावात नदी मात्र शोधावी लागते. ती पूरभिंतीच्या पलीकडे आहे. १९९३ च्या महापुराच्या अगदी तोंडावर ही भिंत पुरी झाली आणि जुनं गाव वाचलं. सरकारी काम वेळेत झाल्याच्या या उदाहरणाची मी भाचीकडून दोनदा खात्री करून घेतली.

गावाला स्वतःचा इतिहासही आहे. तो ट्वेनच्या मागे उभा राहून फोटोत यायचा प्रयत्न करतो. १८१९ मध्ये मोझेस बेट्सने वसाहत केली. हॅनिबल–सेंट जोसेफ रेल्वेची पहिली बैठक १८४६ मध्ये सॅमच्या वडिलांच्या कचेरीत भरली, आणि १८५९ मध्ये तो लोहमार्ग राज्य ओलांडून गेला. लाकडाच्या व्यापारात पैसा आला, एका व्यापाऱ्याने टेकडीवर रॉकक्लिफ नावाचा वाडा बांधला. १९०२ मध्ये ट्वेन शेवटचा आला, तेव्हा त्याच वाड्याच्या जिन्यावरून बोलला. टायटॅनिकमधून वाचलेली मॉली ब्राऊनही इथलीच, १८६७ ची. तीही तरुणपणी गाव सोडून गेली. तिच्या घराचंही संग्रहालय आहे. हॅनिबलचा खरा व्यवसाय गाव सोडून गेलेली माणसं जपून ठेवण्याचा आहे.

एक गोष्ट जपायला मात्र गावाने फार उशीर लावला. मिसुरी गुलामगिरीचं राज्य होतं. क्लेमेन्स कुटुंबानेही गुलाम बाळगले आणि पैशाची चणचण आली तेव्हा जेनी नावाच्या गुलाम स्त्रीला विकलं. समोरचा काठ, इलिनॉय, मुक्त राज्याचा. पण पळून तिथे पोचलेल्यालाही कायद्याने धरून परत आणता येत असे. ट्वेनच्या 'हकलबेरी फिन' कादंबरीतला गुलाम जिम या पाण्यावरून पळतो. पांढऱ्या कुंपणाचा एवढा गाजावाजा करणाऱ्या गावात काळ्या माणसांच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय, 'जिम्स जर्नी', उघडायला २०१३ साल उजाडलं. हॅनिबलला गेलात आणि वेळ थोडाच असला, तर दीपस्तंभ सोडा, हे पाहा.

गुहा मात्र सोडू नका. आत बारा महिने तापमान ११ अंश सेल्सियस. भिंतींवर हजारो सह्या आहेत, त्यात १८७९ सालची जेसी जेम्स या नामांकित दरोडेखोराचीही. आपल्या किल्ल्यांवर बदाम कोरणाऱ्यांची मला फार चीड आहे. पण दरोडेखोराने तेच केलं की त्यावर प्रकाशझोत सोडतात, आणि आज कोणी केलं तर दंड होतो. याच गुहेत सेंट लुईसच्या डॉक्टर मॅकडॉवेल यांनी आपल्या मृत मुलीचा देह तांब्याच्या नळकांड्यात जतन करून ठेवला होता. हे टॉमच्या गोष्टीत नाही. कादंबरीकारालाही मर्यादा असते.

बाहेर आल्यावर एका खानावळीत सगळ्यांनी रूट बिअर मागवली. नावाला बिअर, दारूचा थेंब नाही. चव थेट आयोडेक्सची. ती विंटरग्रीनमुळे येते म्हणे. गुडघ्यांना २४४ पायऱ्यांनंतर ती बाहेरून जास्त उपयोगी पडली असती.

हाच ट्वेन धंद्यातलं कर्ज फेडण्यासाठी व्याख्यानं देत जगभर फिरला, तेव्हा जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरला होता, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. सज्जाच्या कठड्यावर जमणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्याने मजेत लिहिलं आहे. ते हॉटेल हॅनिबलमध्ये असतं तर एव्हाना त्या कावळ्यांचे पुतळे झाले असते, आणि सातवीतली मुलं काळे पंख लावून पाहुण्यांच्या हातावरचे दाणे टिपत असती.

तेव्हा फुरसुंगीकरांना माझी नम्र विनंती आहे. भा. रा. भागवतांनी बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, तुमच्याच गावचा ठरवून ठेवलेला आहे. आता एखादं जुनं घर निवडा, ते त्याचंच आहे असं पंचक्रोशीत बेधडक सांगायला लागा, आणि दारात एक सायकल टेकवून ठेवा. सायकल मी देतो.