सावलीचा सातबारा

"गावठाण इथून दोन किलोमीटर आहे," असं सांगून पवनचक्की कंपनीच्या माणसानं फाईल मिटली.

मागच्या बाकावरून एक आजी उठल्या. "गावठाण तिकडं हाय बाबा. आम्ही इकडं ऱ्हातो."

बालाघाटाच्या माथ्यावरच्या एका गावातली ही ग्रामसभा. शाळेच्या वर्गात भरलेली, निम्मी माणसं व्हरांड्यात उभी. आजींच्या त्या एका वाक्यानं मला अख्खा वाद समजावून दिला. कागदावर गाव म्हणजे गावठाण. प्रत्यक्षात गाव म्हणजे वस्त्या. विहिरीच्या कडेला चार घरं, गोठा, कडब्याची गंज, लिंबाचं झाड. मराठवाड्यात कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शेतातच राहतात. पवनचक्कीचं अंतर मोजायची वेळ आली की टेप गावठाणापासून लागते आणि वस्ती मधल्या मध्ये गळते.

नियमात मात्र गावठाण हा शब्दच नाही. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की कोणत्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की उभी करू नये, आणि कारण आवाजाचं दिलं आहे. राहतं घर म्हणजे जिथं चूल पेटते आणि रात्री माणूस झोपतो ते घर. पत्र्याचं असलं तरी, आठ-अ च्या उताऱ्यावर नसलं तरी. एवढं साधं मराठी वाचायला कुणाला वकील लागू नये.

हे ५०० मीटरही पुरेसे आहेत का? साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर आणि पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पंचवीसेक वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या चक्क्या बहुतेक अडीचशे-साडेतीनशे किलोवॉटच्या. आज बीड-धाराशिवच्या रानात येणारं यंत्र ३ मेगावॉटच्या घरातलं. खांबच १४० मीटर, पात्याची लांबी ७० मीटरच्या आसपास. पातं वर गेलं की टोक दोनशे मीटरच्या पुढं. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. यंत्र दसपट ताकदीचं झालं, अंतराचा आकडा मात्र सगळ्या उंचीच्या चक्क्यांना एकच. डेन्मार्कमध्ये चक्की घरापासून तिच्या पूर्ण उंचीच्या चौपट लांब ठेवावी लागते. म्हणजे आपल्याकडच्या या नव्या यंत्राला तिथं सव्वाआठशे-साडेआठशे मीटर सोडावे लागले असते. तो देश पवनऊर्जेच्या विरोधात आहे असं कुणी म्हणणार नाही.

मीही विरोधात नाही. हे स्पष्टच सांगतो, कारण या वादात 'विकासविरोधी' हा शिक्का खिशात घेऊनच लोक बसतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीच्या औष्णिक केंद्राचे सगळे संच पाण्याअभावी बंद पडले होते. कोळशाच्या विजेला पाणी लागतं आणि आमच्याकडं प्यायलाच पाणी नव्हतं. परळीच्या राखेत राहणाऱ्यांना विचारा, कोळसा काय असतो ते. वाऱ्याला पाणी लागत नाही, राख पडत नाही. दुष्काळी जिल्ह्याला याहून शहाणी वीज मिळणं अवघड आहे. म्हणूनच ती नीट यावी, असं पोटतिडकीनं वाटतं.

विरोधकांनीही एक गोष्ट सोडून द्यावी. चक्क्यांमुळे पाऊस पळतो, ढग कापले जातात, हे बोलणं. २००२ ते २००४ च्या दुष्काळात साताऱ्यापासून धुळ्यापर्यंत हा समज पसरला होता. आजही ग्रामसभेत कुणीतरी तेच बोलतं आणि कंपनीचा माणूस खुशीत येतो, कारण त्या एका दाव्याला खोडलं की बाकीचे सगळे खरे प्रश्न त्याच्याबरोबर खोडल्यासारखे होतात. पाटण तालुक्याच्या माथ्यावर चक्क्या आहेत आणि त्याच तालुक्यात कोयनेकाठच्या नवजाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माण-खटाव कोरडे आहेत ते सह्याद्रीच्या आडोशाला असल्यामुळं, आणि ते चक्क्यांच्या कितीतरी आधीपासून कोरडे आहेत. पावसाचा हा मुद्दा टाका. आपल्या हातात याहून पक्के मुद्दे आहेत.

पहिला पक्का मुद्दा सहीचा.

चक्कीसाठी कंपनी ज्याची जमीन घेते, त्याच्याशी कागद होतो. खरेदीखत किंवा पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा. त्याला विसार मिळतो, पैसे मिळतात, त्याच्या सातबाऱ्यावर नोंद येते. बांधापलीकडच्या शेजाऱ्याचा कुठं संबंधच नाही. पण आवाज बांध ओळखत नाही. सूर्य पात्यांच्या मागं आला की फिरत्या पात्यांची सावली सकाळ-संध्याकाळ घराच्या भिंतीवरून, ताटावरून, अभ्यासाला बसलेल्या पोराच्या वहीवरून सपसप जात राहते. तिचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? यंत्राचं भाडं एकाला, सावली दुसऱ्याला. भावकीत वैर पेरायला याहून चांगलं बी मिळायचं नाही. त्या ग्रामसभेत दोन सख्खे भाऊ वर्गाच्या दोन कोपऱ्यांत बसले होते. एकाच्या गटात चक्की मंजूर, दुसऱ्याच्या गटात घर.

धाकटा म्हणाला, "दादाला पैशे मिळालं तर मला काय दुखतंय का? माझ्या लेकराला रात्री झोप लागंल का, एवढंच सांगा."

कुणी सांगितलं नाही.

सांगता येण्यासारखं होतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. यंत्र येण्याआधी वस्तीवर रात्रीचा आवाज मोजा, आल्यावर पुन्हा मोजा, दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. वारा सर्वांत जोराचा असतो तो पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. तेव्हाच चक्क्या सर्वाधिक वीज देतात आणि तेव्हाच सोयाबीनची पेरणी-कोळपणी करून माणूस रात्री आडवा होतो. म्हणून मोजणी जानेवारीत करून उपयोग नाही. जुलैत करा, पाऊस उघडलेल्या रात्री, घराच्या उशाला.

पण हे मागायचं कुठं? पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतल्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. मूल्यांकन नाही म्हणून जनसुनावणी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१६ च्या वर्गवारीत पवनऊर्जेला पांढऱ्या वर्गात ठेवलं, म्हणजे जवळपास प्रदूषण नसलेला उद्योग. धुराच्या बाबतीत ते खरंच आहे. धुराड्याच्या हिशेबानं पाहिलं की चक्की पांढरीच दिसते. पण कारखान्याशेजारच्या गावाला जी सुनावणी मिळते, ती चक्कीशेजारच्या वस्तीला मिळत नाही. उरते फक्त ग्रामसभा. म्हणून ग्रामसभेत मिटलेली फाईल मला एवढी लागली.

साताऱ्याच्या सड्यावर एक मोजणी झाली आहे, ती सांगतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर चक्क्या असलेला आणि नसलेला भाग ताडून पाहिला. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. घारी-ससाणे कमी झाले म्हणून तिथल्या पंखगळ्या सरड्यांची संख्या वाढली, त्यांची भीतीही कमी झाली. (या सरड्याच्या प्रजातीसमूहाचं शास्त्रीय नावच आपल्या 'सरडा' या शब्दावरून ठेवलेलं आहे.) वरून फिरणाऱ्या पात्यामुळं जमिनीवरच्या बोटभर जिवाचं वागणं बदलतं, हे आपल्याच सड्यावर सिद्ध झालं. तेवढ्याच चिकाटीनं वस्तीवरच्या माणसांची झोप, जनावरांचं दूध, विहिरीजवळच्या सुरुंगानं गेलेले तडे मोजायला काय हरकत आहे?

दुसरा मुद्दा चक्कीच्या उत्पन्नातून गावाला मिळायच्या टक्क्याचा. इथं हिशेब मांडतोच.

३ मेगावॉटची एक चक्की वर्षभरात तिच्या क्षमतेच्या ३० टक्के चालली असं धरा. वर्षाला सुमारे ७८ लाख युनिट. युनिटला साडेतीन रुपये धरले तर पावणेतीन कोटींच्या आसपास रुपये. एक टक्का म्हणजे पावणेतीन लाख. शिवारात तीस चक्क्या असतील तर वर्षाला ऐंशी लाखांच्या वर. एवढ्या रकमेत एका गावाच्या शाळेचं छप्पर, पाणंद रस्ते आणि टँकर, तिन्ही सुटतात. आणि ही रक्कम दर वर्षी येईल, एकदाच देवळाला रंग देऊन संपणार नाही.

हा टक्का मी हवेतून काढलेला नाही. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात स्थानिक भागाच्या विकासासाठी एक टक्का जादा मोफत वीज ठेवण्याची तरतूद आहे. प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला १०० युनिट देण्याचीही. कोयना धरणाच्या वेळी हे नव्हतं. कोयनेची माणसं तिसऱ्या पिढीतही पुनर्वसनासाठी मोर्चे काढतात. त्यातून देश इतकं तरी शिकला, की पाण्याला टक्का लागला. वाऱ्याच्या २०१६ च्या सूचनांत तसा टक्का नाही. का नाही? माथ्यावरून जाणारा वारा हा दरीतून जाणाऱ्या पाण्याइतकाच त्या गावचा आहे.

उलट सुरुवातीच्या काळात वाऱ्याचा फायदा कुणाला झाला ते आठवा. चक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा धरता येत होता. शहरातल्या नफ्यावरचा कर वाचवायला पठारावर चक्क्या उभ्या राहिल्या. वीज किती झाली हा प्रश्न नंतरचा. सड्याच्या मालकानं पडीक म्हणून मातीमोल भावानं रान दिलं आणि त्याच रानात रखवालदाराची नोकरी मिळाली तर नशीब मानलं. ही गोष्ट पाटणच्या कुठल्याही वाडीत ऐकायला मिळते. मराठवाड्यानं ती पुन्हा जगावी असं मला वाटत नाही.

आता तारांबद्दल. चक्कीची जागा ठळक असते, तारा चोरपावलांनी येतात. ६६ केव्ही आणि त्यावरच्या पारेषण वाहिन्यांसाठी केंद्रानं जून २०२४ मध्ये नव्या सूचना काढल्या. मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याला ग्रामीण भागात ३० टक्के. चक्कीपासून उपकेंद्रापर्यंतच्या वाहिन्या बहुतेक ३३ केव्हीच्या असतात. त्या खांबांचा भाव ज्याच्या-त्याच्या तोंडावर ठरतो. एकाला लाख, शेजाऱ्याला दहा हजार, तिसऱ्याच्या उभ्या तुरीतून रात्रीतून खांब. सत्तर मीटरचं पातं वाहणारा ट्रेलर वळवायला बांध सपाट केले जातात. मुरूम टाकून केलेला रस्ता पावसाचं पाणी अडवतो आणि खालचं शिवार चिबडतं. एका हंगामाचं पीक गेलं, तर त्याची भरपाई मागायला तो शेतकरी जातो कुणाकडं? एजंटाकडं. कंपनीचा साहेब पुण्या-मुंबईला, उपकंत्राटदार परराज्यातला, आणि गावात समोर उभा असतो तो एजंट.

हा मधला माणूस अंधारात वाढतो. किती, हे ९ डिसेंबर २०२४ ला साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना ठार मारण्यात आलं. पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या खंडणीशी या खुनाचा संबंध असल्याचं तपास यंत्रणेनं आरोपपत्रात मांडलं आहे. निकाल न्यायालय देईल. पण जिथं जागा कुणाची, भाव किती, रस्ता कुठून, काम कुणाला हे सगळं दाराआड ठरतं, तिथं दारावर कुणीतरी सोटा घेऊन उभा राहतोच. सगळे दर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिले तर त्या सोट्याचा धाक कमी होईल. कंपनीचीही त्यातून सुटका आहे.

मागणी काही मोठी नाही. जमिनीचा पहिला विसार देण्याआधी नकाशा ग्रामसभेत यावा. त्यावर चक्क्या, रस्ते, तारा आणि प्रत्येक वस्ती, प्रत्येक घर असावं. ५०० मीटरच्या आत येणाऱ्या घरासाठी चक्कीची जागा हलवावी. त्याच्या पुढच्या, पण आवाज-सावलीच्या टप्प्यातल्या घराचीही सही लागावी आणि त्यालाही वार्षिक मोबदला असावा. यंत्राचं आयुष्य संपल्यावर खांब आणि पायाचं काँक्रीट काढायचे पैसे आधीच बँकेत ठेवलेले असावेत. आज तीस वर्षांचा करार करणारा बाप तेव्हा नसेल, त्याच्या पोराच्या रानात ते काँक्रीट उरेल.

त्या ग्रामसभेनंतर मी आजींच्या वस्तीवर गेलो. चक्कीच्या पायासाठी चुन्याची फक्की मारलेली होती, घरातून उघड्या डोळ्यांनी दिसत होती. त्यांच्या नातवानं गवंड्याकडून ३० मीटरची टेप आणली. मी एक टोक उंबऱ्याला धरलं, तो दुसरं टोक घेऊन ढेकळांतून निघाला. दर तीस मीटरला एक काडी रोवत दहा टेपा पुऱ्या झाल्या. अकरावी पुरी लागलीच नाही.

"किती भरलं?" आजींनी ओट्यावरून विचारलं.

३१२ मीटर. नातवानं तो आकडा चुलीतल्या कोळशानं भिंतीवर लिहिला, खाली तारीख घातली, आणि मोबाईलवर फोटो काढून ग्रामसेवकाला पाठवला. ग्रामसभेच्या इतिवृत्तात तो अजून आलेला नाही.