पोर्टेबल उकाडा

मे महिन्यात जमिनीची वाटणी आणि मोठी खरेदी करू नये, उकाड्यात डोकं ठिकाणावर नसतं, असं आमची आई सांगते. वाटणीवरून भांडायला घरात कोणी उरलेलं नाही, म्हणून यंदा आम्ही खरेदीवर भांडलो. विषय होता पोर्टेबल एसी.

सुरुवात डोंबिवलीहून झाली. चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, सुट्टीत येतो, पण मुलांना एसीशिवाय झोप लागत नाही हो." याच चिरंजीवांना लहानपणी खळ्यात चटईवर टाकलं, की उन्हं तोंडावर येईपर्यंत जाग येत नसे. पण नातवंडांपुढे इतिहास चालत नाही.

नागपूरचे व्याही म्हणाले, कूलर घ्या. त्यांचं बरोबर आहे. नागपूरची हवा तहानलेली. तिला पाणी पाजलं की ती गार होते. आमची हवा समुद्रावरून तुडुंब पिऊनच येते. तिच्यापुढे कूलर ठेवणं म्हणजे मिरकरवाडा बंदरात जाऊन मासे वाटण्यासारखं. भिंतीवरचा एसी म्हणाल, तर आमच्या जांभ्याच्या जुन्या भिंतीला भोक पाडायला घेतलं की अख्खा चिराच हातात येतो. उरला पोर्टेबल.

दुकानदाराने विचारलं, "किती टनाचा देऊ?" मला वाटलं, वजन विचारतोय. नंतर कळलं, एक टन म्हणजे 24 तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो, बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून उपसण्याची ताकद. म्हणजे हिशेब बर्फाचाच. फरक इतकाच, की बंदरावर बर्फात निजणाऱ्या सुरमईला हप्ते भरावे लागत नाहीत. "चाकं आहेत, घरभर फिरवा," दुकानदार म्हणाला. त्याने कोकणातलं घर आतून पाहिलं नसावं. ओटीवरून माजघरात आणि माजघरातून स्वयंपाकघरात जाताना प्रत्येक ठिकाणी वीतभर उंच उंबरठा. तीस किलोचं ते धूड उचलून ओलांडायचं म्हणजे गार होण्याआधी दोघांनी घामाघूम व्हायचं.

मग खिडकी मोजली. एसीला एक नळी असते, गरम हवा बाहेर टाकायला. सोबतची पट्टी बसते सरकत्या खिडकीला. आमची खिडकी दोन झडपांची, लाकडी, लोखंडी गजांची. नळी वीतभर जाड, गजांमधलं अंतर चार बोटांचं. चोरासाठी केलेला बंदोबस्त गारव्याला आडवा आला.

खरा घोळ पुढेच होता. शेजारचे तात्या शाळेत विज्ञान शिकवायचे. ते म्हणाले, "अरे, हे यंत्र खोलीतलीच हवा ओढणार, तापवणार नि बाहेर फेकणार. गेलेल्या हवेची जागा कोण भरणार?" आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे खाली उतरत होते. त्याच वाटेने बाहेरची गरम, दमट हवा आत येणार. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तेही तासाला सव्वा युनिटने. रात्रीचे आठ तास धरले तर दहा युनिट, महिन्याचे तीनशे. पंखे, फ्रिज आणि विहिरीवरचा पंप मिळून आमचे शंभर-सव्वाशे होतात. म्हणजे गारवा चढो न चढो, बिल वरच्या स्लॅबमध्ये चढणार. शिवाय वळवाचा पहिला ढग गडगडला की दिवे जातात. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करतं, जयगडलाही वीज होते. हा सगळा आमचाच रत्नागिरी जिल्हा. आंबेवाल्याच्या घरी डागी फळ खातात म्हणतात, तसंच हे. दिवे गेले की एसी म्हणजे पस्तीस हजारांचं स्टूल.

गंमत म्हणजे हे औषध मुळात दमटपणावरचंच. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यातला कागद दमट हवेने फुगायचा, रंगांवर रंग नीट बसायचे नाहीत. म्हणून विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने ही युक्ती काढली. म्हणजे आधी कागदाचा घाम पुसला, माणसाचा नंतर. आमच्या वाट्याला तर इंग्रजांनी वेगळाच न्याय ठेवला होता. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला 1885 साली पदच्युत करून त्यांनी रत्नागिरीत आणून ठेवलं. तो 1916 मध्ये इथेच वारला. राजाला शिक्षा म्हणून जिथे राहायला लावलं, तिथे आम्ही घरपट्टी भरून राहतो. पण कैदी झाला तरी त्याचा राजवाडा टेकडीवर, खाडीच्या वाऱ्याला तोंड करून बांधला. दारं-खिडक्या लावून घ्या, असं त्याला कुणी सांगितलं नसावं.

आम्हाला मात्र माहितीपत्रकाने तेच सांगितलं. मी मोठ्याने वाचलं, "यंत्र चालू असताना दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवा." आई उठून बसली. "दार लावून बसायचं? लोक म्हणतील, हेही मुंबईला गेले वाटतं!"

तिचं चुकलं नाही. या यंत्राच्या सगळ्या अटी पुऱ्या करणारी सात घरं आमच्या वाडीत आहेत. कौलं काढून स्लॅब घातलेला, सरकत्या खिडक्या, उंबरठा नाही, दारं घट्ट लावलेली. गणपतीला नि शिमग्याला तेवढी उघडतात. तिथे एसी झकास चालेल. गार करायला माणूस तेवढं नाही.

शेवटी निर्णय मृगावर ढकलला. सात जूनच्या आसपास गारवा येतो. फुकट, आणि उंबरठेही स्वतःच ओलांडतो. डोंबिवलीला तसं कळवलं. चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग असं करतो बाबा, आम्ही गणपतीलाच येतो."

मी फोन ठेवला. आई ओटीवर विंझणवारा घेत बसली होती. तिने विचारलं, "गणपतीला येतो म्हणाला ना?" मी मान डोलावली. ती बराच वेळ वारा घेत राहिली. मग म्हणाली, "घेऊन टाक हो तो एसी. पुढेमागे आपल्याही घरात चांगला चालेल."