आरोग्याच्या जपणुकीसाठी

महाराष्ट्रात दारू प्यायला सरकारी परवाना लागतो आणि तो दिला जातो आरोग्याच्या जपणुकीसाठी. ही कुणा बारमालकाची कोटी नव्हे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली निघणाऱ्या परवान्यात हेच कारण नोंदलेलं असतं. त्यामुळे सांगलीच्या मधुमेही गृहस्थाच्या खिशात एकाच वेळी दोन कागद असू शकतात. एकात सरकार म्हणतं, तब्येतीसाठी घ्या. दुसऱ्यात डॉक्टर म्हणतात, तब्येतीसाठी सोडा. एरवी सरकारवर काडीचा भरवसा नसलेला माणूस अशा वेळी पहिला कागद जपून ठेवतो.

सांगली जिल्ह्यात द्राक्षापासून लांब राहणं तसंही अवघड. तासगाव-मिरजेकडे तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमनच्या बागा. इथल्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं. पलूसला तर शासनाने कृष्णा व्हॅली वाईन पार्कच काढलं. शुगर निघालेल्या माणसापुढे हे फळ तीन वेशांत येतं. ताजं द्राक्ष डॉक्टर मोजून खायला सांगतात. बेदाण्यातलं पाणी उडून गेलेलं असतं आणि वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असते, तेव्हा तो मूठमूठ खाणं बंद. उरली वाईन. तिच्यात यीस्टने आधीच साखर खाऊन तिचं अल्कोहोल केलेलं असतं. ड्राय वाईनच्या दीडशे मिलीच्या ग्लासात कर्बोदकं जेमतेम चार ग्रॅम. हा आकडा ज्या दिवशी कळतो, त्या दिवशी सांगलीकराला रसायनशास्त्राची गोडी लागते.

आणि शास्त्र पटवून द्यायला साडू असतोच.

लग्नसराईत साताऱ्याचे साडू कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन सांगलीत उतरतात. शुगर दोघांनाही आहे, म्हणून पेढे ‘पोरांसाठी’. रात्री गच्चीवर सांगलीचे साडू बाटली दाखवतात. “पावणं, ड्राय हाय ही. साखरच न्हाई यात!” साताऱ्याचे साडू सवयीने बाटली वाचतात, पुढून आणि मागून. समोर चकणा म्हणून सांगलीचं भडंग. म्हणजे चुरमुरे, तेल, लसूण, शेंगदाणे आणि पुष्कळदा वरून पिठीसाखर. बाटलीतली साखर ग्रॅमवर मोजणारे हे दोन गृहस्थ भडंग मात्र पसापसा उचलतात. सकाळी कोणती गोळी घेतली, हे कुणी कुणाला विचारत नाही.

खरी गोम त्या गोळीत आहे. पोट रिकामं असतं तेव्हा यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडतं, कमी पडली तर नवी तयार करतं. अल्कोहोल आलं, की कलेक्टरसाहेब गावात आल्यावर तलाठ्याचं होतं तसं यकृताचं होतं. बाकीची कामं बाजूला पडतात. त्यात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रक्तातली साखर घसरत जाते. ती मध्यरात्री घसरू शकते, दुसऱ्या दिवशीही. म्हणजे साडू ज्या साखरेला घाबरत होते ती वाढण्यापेक्षा कमी होण्याची भीती मोठी.

वर लक्षणं फसवी. घाम, अडखळती जीभ, तोल जाणं, उगाच भांडणं. मांडवात कुणीही म्हणेल, “चढलीय, झोपू द्या.” आणि अंगावर चादर टाकली जाते. वास्तविक माणूस शुद्धीत असेल तर त्याला ताबडतोब साखरपाणी किंवा ग्लुकोज हवं, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. पेढ्याला आयुष्यात एकदा वैद्यकीय संधी मिळू पाहत होती, पण तीही गेली. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते.

गोव्याहून कुणी आणलेली पोर्ट हे आणखी वेगळं प्रकरण. रंग लाल म्हणून ती ‘हार्टला चांगली’ ठरते, पण छोट्या ग्लासातही दोनेक चमचे साखर सहज असते.

हार्टची ही कीर्ती अगदीच निराधार नाही. इस्रायलमध्ये टाइप दोनच्या २२४ मधुमेहींना दोन वर्षं रोज रात्री जेवणाबरोबर दीडशे मिली लाल वाईन, पांढरी वाईन किंवा मिनरल वॉटर दिलं गेलं. २०१५ साली निष्कर्ष आले: लाल वाईनवाल्यांचं चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं. सगळ्यांना भाजीपाला आणि ऑलिव्ह तेलाचा आहार नेमून दिला होता, हा तपशील गच्चीवर पोचत नाही. वाईन फुकट होती, हा बरोबर पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही असं सांगितलं, ते तर जिन्यातच अडकतं.

त्याआधी वर्षभर, २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन ठेवायला मान्यता दिली होती. साताऱ्यात कीर्तनकार बंडातात्या कराडकरांनी विरोधात दंडवत-दंडुका आंदोलन केलं. वाईन म्हणजे दारू नव्हे, असाही युक्तिवाद तेव्हा बराच गाजला. यकृताला मात्र त्याचं परिपत्रक अजून मिळालेलं नाही.

शेवटी साताऱ्याचे साडू डॉक्टरांनाच विचारतात. डॉक्टर गोळ्यांची यादी बघतात, यकृत-किडनीचे रिपोर्ट मागतात. आजवर घेत नसाल तर आता सुरू करू नका, म्हणतात. घेणारच असाल तर कधीतरी, एखादा ग्लास, भरल्या पोटी. झोपण्यापूर्वी शुगर तपासा. साडू सगळ्याला मान डोलावतात.

“आणि तुम्ही घेतलीय, गोळी कोणती चालू आहे, हे सोबतच्या एका माणसाला माहीत पाहिजे. घरी सांगून ठेवा.”

इथे मान थांबते. घरी कळू नये म्हणून तर सांगली गाठायची असते.

“साडूला म्हाईत असलं तर चालंल का?”

“चालेल की,” डॉक्टर म्हणतात, “ते किती घेतात?”