माळा आवरण्याची प्रेरणा: उगम, प्रकार व संवर्धन

माळा आवरण्याची प्रेरणा मनुष्याच्या अंगी उपजत नसते. ती बाहेरून येते. घट बसण्यापूर्वी व दिवाळीच्या तोंडावर ती मोसमी स्वरूपात आढळते, रंगारी घरात शिरल्यावर तीव्र होते आणि इमारत पुनर्विकासाला गेली की तिची साथ पसरते. 'व्याही रविवारी येणार आहेत' ही प्रेरणा सर्वांत जोरकस. पण तिच्यामुळे वस्तू घराबाहेर जात नाहीत, पलंगाखाली जातात. सबब ती येथे विचारात घेतलेली नाही.

या विषयात जपानच्या मारी कोंदो यांची पद्धत प्रसिद्ध आहे. वस्तू हातात घ्यावी, आनंद झाला तर ठेवावी, न झाल्यास तिचे आभार मानून निरोप द्यावा. क्रमही ठरलेला: आधी कपडे, मग पुस्तके, कागदपत्रे, किरकोळ सामान आणि आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी. क्रम शहाणपणाचा आहे. लग्नाच्या अल्बमपासून सुरुवात केलेला माळा आजवर कोणी पूर्ण आवरल्याचे ऐकिवात नाही. आनंदाची कसोटी मात्र निवृत्त मराठी गृहस्थापुढे कोसळते. श्रीखंडाचा रिकामा डबा हातात घेताच त्याचा चेहरा खुलतो. सुतळीच्या गुंडाळ्याने खुलतो. बंद पडलेल्या टेबलफॅनची नुसती जाळी पाहूनही खुलतो. तिसऱ्या अपत्यानंतर आपले घर पूर्वीइतके टापटीप राहत नाही, हे कोंदोबाईंनी 2023 मध्ये मान्य केले, तेव्हा ही बातमी अशा गृहस्थांनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्याने वाचून दाखवली.

प्रेरणेचा मुख्य शत्रू 'लागेल कधीतरी' हा सिद्धांत होय. तो खोटा असता तर प्रश्नच नव्हता. पण पाच-सात वर्षांतून एकदा कुकरची जुनी शिटी नव्या कुकरला चपखल बसते, आणि त्या एका विजयावर पुढची दहा वर्षे माळा तुडुंब राहतो. प्रत्येक पाहुण्याला ती शिटी ऐकवली जाते. बोर्नव्हिटाच्या डब्यातले गंजके स्क्रू फेकायला निघालेल्या व्यक्तीची तर पंचाईतच असते, कारण रात्री दहाला नळ गळू लागला की नेमका वायसर त्याच डब्यात निघतो आणि गृहस्थ एक शब्दही न बोलता तो बसवतो. बोलला असता तर बरे झाले असते. हा डबा आहे तिथेच राहू द्यावा. फक्त त्याच्या जोडीला आलेले चार डबे काढावेत.

काम करताना खाली बसू नये.

या नियमाचा भंग बहुधा दिवाळी अंकांपाशी होतो. दिवाळी अंकांची परंपरा 1909 च्या 'मनोरंजन'पासूनची मानतात, आणि काही माळे पाहता ती तिथे अखंड साठत आली असावी. अंक 'चाळून' वेगळे करण्याची परवानगी कोणी मागितल्यास देऊ नये. चाळणारा माणूस दुपारच्या चहाला खाली उतरतो आणि फक्त एक अंक घेऊन उतरतो, तोही ठेवायचा म्हणून.

कागद मात्र एकेक पाहूनच रद्दीत द्यावेत. विजेची जुनी बिले खुशाल जावोत. खरेदीखत, विम्याची पॉलिसी आणि शेअर सर्टिफिकेटे ही त्यांच्यातच दडलेली असतात. आजोबांच्या नावचे कागदी शेअर आज बाजारात विकायचे तर आधी डिमॅट करून घ्यावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल तर ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मागता येतात, पण हातात मूळ कागद असलेला बरा. ठेवणीतल्या साड्यांच्या घड्याही उलगडून पाहाव्यात. तिथे हजाराची नोट सापडल्यास 8 नोव्हेंबर 2016 या तारखेचा उल्लेख आजीसमोर टाळावा.

कपड्यांसाठी बोहारीण येत असेल तर व्यवहार घरातल्या सर्वांत कठोर बाईकडे सोपवावा. मऊ बाई सहा पँटी देऊन एक चाळणी घेते. मऊ सुती साड्या गोधडीसाठी राखण्याचा मोह होतो. गोधडी शिवणारे हात घरात असतील तरच राखाव्यात. फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल भंगारात टाकू नये, तो ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावा. ती बॅटरी दबली तर पेट घेऊ शकते.

राहिला प्रश्न वस्तू दाराबाहेर काढण्याचा. बांधलेले बोचके रात्रभर जिन्यात ठेवू नये. गृहस्थ दूध आणायला निघतो तेव्हा बोचक्याची गाठ सैल होते, आणि टेबलफॅनची जाळी न्याहारीपूर्वी माळ्यावर परत गेलेली असते. भंगारवाल्याला आधी फोन करून ठेवावा, त्याचा काटा दारात लागला की मगच बोचके बाहेर काढावे, आणि तेवढा वेळ गृहस्थाला बँकेत पासबुक भरून आणायला पाठवावे. तो छापखान्यासारख्या खडखडणाऱ्या यंत्रापुढे तासभर रमतो.